चिनी अक्षरं हाताने लिहायला शिकताना: रेघा, त्यांचा क्रम आणि रोजचा सराव

मी चिनी शिकायला लागले तेव्हा पहिले चार महिने सगळी अक्षरं चित्रासारखी काढत होते. पुस्तकात बघायचं, कुठली रेघ कुठे आहे ते पाहायचं आणि वहीत तसंच उतरवायचं, जी रेघ आधी नजरेत भरेल ती आधी. दिसायला बरं दिसायचं, घरचे पण म्हणायचे वा, काय सुंदर काढलंयस. मग एकदा आमच्या लाओशींनी, म्हणजे बाईंनी, मला 'वो' लिहायला सांगितलं, 'वो' म्हणजे मी, रोज शंभरदा लागणारं अक्षर, आणि मी लिहीत असताना त्या वहीकडे बघतच नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. तिसऱ्याच रेघेला त्यांनी मला थांबवलं, वही मिटली आणि म्हणाल्या आता न बघता लिही. मला अर्धंच आठवलं. चार महिने रोज लिहिलेलं अक्षर!

त्या दिवशी कळलं की डोळ्याला आठवणं वेगळं आणि हाताला आठवणं वेगळं. आपल्याला कोणी विचारलं की 'ळ' कसा काढतात, तर आपण काय करतो, बोटाने हवेत गिरवून दाखवतो, कारण ते अक्षर आपल्या हातात बसलंय, पहिलीत पाटीवर गिरवून गिरवून बसलंय. चिनी अक्षरात दहा-बारा रेघा सहज असतात, आणि त्या दर वेळी वेगळ्या क्रमाने काढल्या तर हाताला लक्षात ठेवायला काही मिळतच नाही. एकाच क्रमाने काढल्या की त्याची एक चाल होते, तालमीत पाय बसतात ना तशी. म्हणून क्रम शिकायचा. चिनीत याला पीशुन म्हणतात, पी म्हणजे लेखणी, शुन म्हणजे क्रम.

पुढे जायच्या आधी दोन गोष्टी. एक, मी इथे चिनी अक्षरं मुद्दाम छापत नाहीये. छापलेलं समोर आलं की आपण परत त्याचं चित्र काढायला लागतो. तुम्ही कागद-पेन घेऊन बसा, मी सांगते तशी एकेक रेघ ओढा, अक्षर तुमच्या हातातून तयार होईल, मग वाटल्यास मोबाईलवर शोधून ताडून बघा. दुसरं, उच्चार मी आपल्या कानाला जसे येतात तसे लिहिलेत, रोमन लिपीत त्याची स्पेलिंगं वेगळी दिसतात, जिथे 'डी' लिहितात तिथे उच्चार आपल्या 'त'च्या जवळचा असतो आणि जिथे 'टी' लिहितात तिथे 'थ'च्या जवळचा. प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्या कानाला लहानपणापासून आहे, त्यामुळे मराठी माणसाला इथे बरीच मदत होते.

वही, पेन आणि बसणं

चिनी मुलं ज्या वहीत लिहितात तिला थिएन-त्स-क म्हणतात. थिएन म्हणजे शेत, आणि ते अक्षर म्हणजे एक चौकोन आणि त्यात अधिकचं चिन्ह, वरून बघितलं तर शेताचे चार वाफे. वहीतलं प्रत्येक घर तसंच असतं, एक अक्षर एका घरात, आणि मधल्या तुटक रेघांमुळे कळतं की अक्षर डावीकडे झुकतंय की खाली घसरतंय. ही वही आपल्याकडे दुकानात मिळत नाही पण तिची काही गरजच नाही, गणिताची चौकटीची वही घ्या आणि दोन बाय दोन असे चार चौकोन मिळून एक घर धरा, बाहेरची कड पेन्सिलने जरा गडद करा, झाली थिएन-त्स-क. मी पूर्ण दोन वर्षं अशाच वह्या वापरल्या. अजून एक प्रकार असतो, त्यात आडव्या-उभ्या रेघांबरोबर तिरक्या पण असतात, त्याला मी-त्स-क म्हणतात कारण 'मी' म्हणजे तांदूळ या अक्षराचा आकार तसा असतो. सुरुवातीला तो नको, फार रेघा झाल्या की नजर गोंधळते.

घर मोठं ठेवा. आपल्याला बारीक लिहायची सवय असते आणि बारीक लिहिलं की चूक दिसत नाही, साधारण दोन सेंटिमीटरचं घर चांगलं. पेन म्हणाल तर पहिला महिना पेन्सिल, मऊ शिसाची, नंतर जेल पेन. बॉलपेनवर दाब द्यावा लागतो आणि रेघेचा शेवट हलका करता येत नाही, तो नंतर कधीतरी. आणि खोडरबर बाजूला ठेवून द्या. चुकलं तर तसंच राहू दे, पुढच्या घरात नवीन लिहा. खोडून नुसती एक रेघ दुरुस्त केली तर चाल मध्येच तुटते, आणि हाताला तीच तुटलेली चाल लक्षात राहते.

बसण्याचा एक नियम चीनमधल्या शाळांत पहिलीपासून घोकून घेतात: डोळे वहीपासून एक छृ, छाती टेबलापासून एक मूठ, बोटं पेनाच्या टोकापासून एक त्सुन. छृ म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटर आणि त्सुन म्हणजे त्याचा दहावा भाग, ३.३ सेंटिमीटर. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. आपल्यातले बरेच जण पेन अगदी टोकाशी धरतात, मग बोटंच रेघ झाकतात आणि मनगट हलत नाही. पेन जरा वर धरून बघा, पहिले दोन दिवस अक्षर थरथरेल, मग सुटं होईल.

आठ रेघा

अक्षरं शिकायच्या आधी एक आठवडा फक्त रेघा. कंटाळवाणं वाटेल पण हा आठवडा टाळू नका, हा आठवडा ज्यांनी टाळला त्यांची अक्षरं दोन वर्षांनी पण काड्या टाकल्यासारखी दिसतात.

हंग म्हणजे आडवी रेघ, नेहमी डावीकडून उजवीकडे, आणि हाताने लिहिताना तिचं उजवं टोक अगदी किंचित वर जातं. पट्टीने ओढल्यासारखी सपाट ओढली तर उलट पडलेली दिसते. शू म्हणजे उभी, नेहमी वरून खाली, कधीच खालून वर नाही. फिए म्हणजे वरून डावीकडे उतरणारी तिरकी, सुरुवात ठाम आणि शेवटी पेन उचलत हलकी होत सुटणारी. ना म्हणजे तिची बहीण, वरून उजवीकडे उतरणारी, पण हिचं उलट, ही उतरता उतरता जड होते, तळाशी क्षणभर थांबते आणि मग पाय पुढे टाकल्यासारखी आडवी बाहेर निघते. सगळ्यात अवघड हीच. तिएन म्हणजे ठिपका, पण तो टिंब नाही, अनुस्वारासारखा टेकवून सोडायचा नाही, ती एक छोटीशी रेघ आहे, बहुतेक वेळा वरून उजवीकडे खाली उतरणारी आणि शेवटी दाबून थांबलेली. थी म्हणजे खालून उजवीकडे वर मारलेला झटका, वर जाणारी स्वतंत्र रेघ एवढी एकच.

उरलेल्या दोन एकट्या कधी येत नाहीत, दुसऱ्या रेघेला जोडून येतात. चअ म्हणजे कोपरा, रेघ जाता जाता वळते. कोउ म्हणजे आकडा, रेघेच्या शेवटी मारलेला छोटा झटका, मासे पकडायच्या गळाला असतो तसा. आकड्याच्या आधी पेन थांबलं पाहिजे, अर्धा सेकंद का होईना, थांबा आणि मग झटका. न थांबता मारला की तो आकडा न होता नुसती वाकलेली शेपटी होते.

इथे नवीन माणूस हमखास एक चूक करतो ती आत्ताच बघून घेऊ. 'खोउ' म्हणजे तोंड, साधा चौकोन. आपण म्हणतो चौकोन म्हणजे चार रेघा. चिनीत त्या तीन: पहिली डावीकडची उभी, दुसरी वरची आडवी आणि तिथेच पेन न उचलता कोपऱ्यातून वळून उजवीकडची उभी, ती एकच रेघ, आणि तिसरी तळाची आडवी. कोपरा आला म्हणून पेन उचलायचं नाही. हे फक्त दिसण्यासाठी नाही, मोजण्यासाठी आहे, कारण चिनी शब्दकोशात अक्षर शोधायची जुनी पद्धत रेघा मोजण्यावर उभी आहे. १७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी शब्दकोशात अक्षरं २१४ मूळ भागांखाली लावली आणि ते भाग एक रेघेपासून सतरा रेघांपर्यंत चढत्या क्रमाने. रेघ चुकीची मोजली की तुम्ही भलत्याच पानावर.

आणि एक अक्षर आहे 'योंग', म्हणजे कायमचं. त्यात ब्रशच्या आठ मूळ हालचाली येतात म्हणून सुलेखनवाले शतकानुशतकं तेच एक अक्षर गिरवून हात तयार करतात. पेनाने मोजल्या तर त्यात रेघा फक्त ५ आहेत, पण त्या पाचात ठिपका, आडवी, उभी, आकडा, झटका, दोन प्रकारच्या फिए आणि ना, सगळं येऊन जातं. आठवड्याच्या शेवटी हे अक्षर मोबाईलवर सावकाश बघा आणि दहादा लिहा.

कुठली रेघ आधी

मुलांना हे चार-चार अक्षरी ओळींत पाठ करून घेतात. "शिएन हंग होउ शू", आधी आडवी मग उभी. 'शी' म्हणजे दहा, अधिकचं चिन्ह, आडवी ओढा आणि मग उभी. "शिएन फिए होउ ना", आधी डावीकडे उतरणारी मग उजवीकडे. 'रन' म्हणजे माणूस, दोन पाय, डावा आधी. वरून खाली, 'सान' म्हणजे तीन, तीन आडव्या रेघा, वरची आधी, मधली सगळ्यात आखूड आणि तळाची सगळ्यात लांब. डावीकडून उजवीकडे, म्हणजे अक्षराचे दोन भाग असतील तर डावा भाग पूर्ण संपवायचा, मगच उजव्याला हात लावायचा.

आपल्या लोकांना त्रास कुठे होतो सांगते. आपण शब्द लिहितो आणि मग शिरोरेषा देतो, वरची आडवी रेघ सगळ्यात शेवटी, हे इतकं अंगवळणी पडलंय की हात आपोआप ते करतो. चिनीत वरची आडवी रेघ जवळपास नेहमीच आधी येते. मी 'थिएन' (हा दुसरा थिएन, आकाश) लिहिताना सहा महिने वरची रेघ शेवटी देत होते आणि मला ते कळत पण नव्हतं, लक्षात आलं ते मोबाईलवर स्वतःचा हात रेकॉर्ड करून बघितला तेव्हा. तुम्ही पण करा एकदा, फार उपयोग होतो.

पेटीचा नियम मला सगळ्यात आवडतो. आधी घर बांधायचं, मग माणसं आत घ्यायची, मग दार लावायचं. 'कुओ' म्हणजे देश, चारी बाजूंनी बंद चौकोन आणि आत 'यु', म्हणजे जेड नावाचा हिरवा मौल्यवान दगड. डावीकडची उभी, मग वरची आणि उजवीकडची मिळून एक, झालं तीन बाजूंचं घर. मग आतला 'यु': आडवी, आडवी, त्यातून जाणारी उभी, तळाची आडवी, आणि उजवीकडे खाली ठिपका. आणि आता तळाची रेघ, दार बंद. एकूण ८. दार आधी लावलं तर आतल्या पाच रेघांना जागा पुरत नाही, करून बघा, पटेल.

मधलं आधी मग बाजू: 'शिआओ' म्हणजे लहान, मधली आकड्याची उभी, मग डावीकडची छोटी, मग उजवीकडची. 'श्वेइ', पाणी, त्याचंही तसंच. पाया शेवटी: 'वांग' म्हणजे राजा, तीन आडव्या आणि मधून एक उभी, लिहायचं वरची आडवी, मधली आडवी, उभी, आणि मग तळाची आडवी. उजव्या कोपऱ्यात वर एकटा ठिपका असेल तर तो शेवटी. आणि अक्षराच्या डावीकडून खाली होडीसारखा जाणारा एक भाग असतो, चालण्याशी संबंध असलेला, 'ताओ' म्हणजे वाट या अक्षरात असतो तो, तो डावीकडे असूनही शेवटी लिहायचा, आधी प्रवासी बसवायचा मग होडी आणायची.

नियमांत न बसणारी अक्षरं थोडी आहेत, ती तशीच पाठ करा. 'हुओ' म्हणजे आग: आधी डावा ठिपका, मग उजवा, मग मधला 'रन', म्हणजे इथे बाजू आधी. 'शान' म्हणजे डोंगर: मधला उंच सुळका आधी, मग डावी बाजू आणि तळ पेन न उचलता, मग उजवी. 'न्यू' म्हणजे बाई, यात सगळेच फसतात, वाटतं आडवी आधी, पण ती शेवटी येते. पहिली रेघ डावीकडे खाली उतरते आणि तिथूनच वळून उजवीकडे खाली जाते, दुसरी उजवीकडून येऊन तिला छेदत डावीकडे उतरते, आणि तिसरी आडवी वरून सगळ्यांना बांधते. तीनच रेघा.

'वो' एकदा सावकाश

आता ते माझं चुकलेलं अक्षर घेऊ, ७ रेघा. एक घर आखा.

पहिली: घराच्या वरच्या डाव्या वाफ्यात एक आखूड फिए, जवळजवळ आडवी वाटावी इतकी झोपलेली, उजवीकडून डावीकडे. दुसरी: लांब आडवी, घराच्या मध्याच्या थोडी वर, डावीकडच्या कडेपासून उजवीकडे, उजवं टोक किंचित चढं. तिसरी: पहिल्या रेघेला टेकून खाली येणारी उभी, आडवीला छेदून तळाकडे, थांबा, डावीकडे आकडा. इथेच मी चुकायचे, मी आधी उजवीकडची मोठी तिरकी रेघ काढून टाकायचे कारण ती डोळ्यात भरते. चौथी: डावीकडून खालून वर मारलेली थी, तिसरीला छेदून उजवीकडे चढणारी.

डावा अर्धा भाग झाला, आता उजवा. पाचवी: आडव्या रेघेच्या वरून सुरू होणारी लांब तिरकी, आडवीला छेदून उजवीकडे खाली जाते, किंचित बाक, तळाशी थांबा आणि आकडा सरळ वर. या अक्षराचा कणा हीच, ही आखूड पडली की अख्खं अक्षर बसल्यासारखं दिसतं. सहावी: उजवीकडून येऊन पाचवीला छेदत डावीकडे उतरणारी फिए. सातवी: वर उजवीकडे ठिपका, कोपऱ्यातला म्हणून शेवटी.

आता हेच सात वेळा नाही, तीन वेळा करा, प्रत्येक रेघेला तिचं नाव तोंडाने म्हणत: फिए, हंग, शू-कोउ, थी, तिरका कोउ, फिए, तिएन. मग वही मिटा आणि टेबलावर बोटाने लिहा. जमलं ना? तुमच्या मनात चित्र नव्हतं, तुम्ही नावांच्या मागून गेलात.

चौकोनात बसवणं

क्रम आला म्हणजे अक्षर सुंदर झालं असं नाही. प्रत्येक अक्षर एकाच आकाराच्या घरात बसतं, मग त्यात २ रेघा असोत की २०, त्यामुळे भागांना एकमेकांसाठी सरकावं लागतं. 'मू' म्हणजे झाड: आडवी, उभी, डावीकडे फिए, उजवीकडे ना, ४ रेघा. दोन झाडं शेजारी ठेवली की 'लिन', म्हणजे झाडी, राई. पण दोन सारखी झाडं ठेवायची नसतात. डावं झाड बारीक होतं आणि त्याची ना पाय पसरत नाही, ती आखडून ठिपका होते, म्हणजे उजव्या झाडाला फांदी टाकायला जागा मिळते. लोकलच्या बाकावर चौथ्याला बसायला देताना आपण पाय आत घेतो, अगदी तसंच. 'थू' म्हणजे माती डावीकडे आली की तिची तळाची आडवी रेघ झटका होऊन वर चढते, शेजाऱ्याच्या खाली घुसत नाही. हा नियम एकदा डोळ्यात बसला की सगळीकडे दिसायला लागतो.

लांबी पण बदलायची नाही. 'थू'मध्ये तळाची आडवी लांब, वरची आखूड. उलटं केलं की अक्षरच दुसरं, 'शृ' म्हणजे सुशिक्षित माणूस किंवा सैनिक. झाडाच्या 'मू'वर अजून एक आडवी, वरची आखूड असेल तर 'वेइ', अजून नाही, आणि वरची लांब असेल तर 'मो', शेवट. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर वाचणारा समजून घेतो, इथे रेघ ऱ्हस्व-दीर्घ झाली तर शब्द बदलतो.

रोजचा सराव

रोज ५ अक्षरं, जास्त नाही. प्रत्येक अक्षर तीनदा बघून, रेघांची नावं म्हणत, मग एकदा हवेत बोटाने, चीनमधल्या शाळांत हे वर्गात सगळे मिळून करतात, मग वही झाकून तीनदा. दुसऱ्या दिवशी नवीन काही सुरू करायच्या आधी कालची पाच न बघता. जे अडलं त्याच्यावर खूण करा आणि ते आठवडाभर रोज एकदा.

पन्नास पन्नास वेळा लिहू नका, अगदी कळकळीने सांगते. शाळेत बाईंनी "मी पुन्हा दंगा करणार नाही" शंभरदा लिहायला दिलं की आपण काय करायचो, आधी सगळ्या ओळींत 'मी', मग सगळ्या ओळींत 'पुन्हा'. मोठेपणी चिनी अक्षर पानभर लिहायला बसलं की हात तेच करतो, दहाव्या अक्षरानंतर आपण सगळ्या घरांत आधी डावा भाग लिहीत सुटतो, मग सगळीकडे उजवा, आणि मन भाजीच्या यादीत. सहादा लिहा पण प्रत्येक वेळी पहिल्या रेघेपासून शेवटच्यापर्यंत अख्खं.

किती अक्षरं हाताने यायला हवीत? चीनने परदेशी विद्यार्थ्यांसाठी २०२१ साली जे नवीन मानक लागू केलं त्यात वाचायची अक्षरं ३,००० आहेत पण हाताने लिहायची १,२००, आणि त्यातली प्राथमिक पातळीची फक्त ३००. म्हणजे त्यांनी पण मान्य केलंय की वाचता येणं आणि लिहिता येणं याचा वेग एक नसतो. तीनशेपासून सुरुवात करा. आणि खुद्द चिनी माणसं पण मोबाईलवर टाइप करून करून अक्षरं विसरतात, त्याला त्यांचा शब्दच आहे, "थी पी वांग त्स", लेखणी उचलली आणि अक्षर विसरलं. तेव्हा विसरलात तर मन खट्टू करू नका, परत लिहा.

तपासायला मोबाईल चांगला. कीबोर्डमध्ये चिनी हस्ताक्षराचा पर्याय सुरू करा आणि बोटाने जरा भरभर लिहा, क्रम बरोबर असेल तर गिचमिड अक्षर पण बऱ्याचदा ओळखतं. प्लेकोसारख्या शब्दकोशाच्या अ‍ॅपमध्ये रेघा एकेक करून चालताना दिसतात. चिनी फोनवर नुसत्या रेघांनी टाइप करायची पण सोय असते, आडवी, उभी, फिए, ठिपका आणि कोपरा अशी पाच बटणं, त्यात ना ठिपक्यात धरतात आणि थी आडवीत, आणि ती पद्धत तर क्रम आल्याशिवाय चालूच शकत नाही.

एक सावधगिरी, क्रम सगळीकडे एक नाही. चीनने १९९७ साली ७,००० अक्षरांचा अधिकृत क्रम ठरवला, आता २०२१ पासून ८,१०५ अक्षरांचा नवीन लागू आहे. तैवानचं मानक वेगळं आहे आणि तिथे जुनी, जास्त रेघांची अक्षरं चालतात, चीनमध्ये दाराच्या अक्षराच्या ३ रेघा तर तैवानमध्ये ८. जपानमध्ये 'वांग' लिहिताना दुसरीच रेघ उभी येते, आणि 'थिएन' शेतात पण आतली उभी आधी. यूट्यूबवर जपानी कांजीचा, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचा, व्हिडिओ बघून चिनी शिकणारे इथे घोळ करतात. कुठला तरी एक देश पकडा आणि वर्षभर त्यालाच चिकटून राहा. डावखुऱ्यांनी पण क्रम हाच ठेवायचा, फक्त वही थोडी तिरकी करून हात रेघेच्या खाली राहील असं बघा.

ब्रश हवाच असं नाही, पण सहा महिन्यांनी एकदा घेऊन बघा. पाण्याने लिहायचं कापड मिळतं, ओल्या ब्रशने काळं उमटतं आणि वाळलं की परत कोरं. बीजिंगच्या बागांमध्ये सकाळी म्हातारी माणसं हातभर लांब ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर लिहीत असतात. ब्रशने ना ओढली की कळतं ती जड का होते आणि फिए हलकी का, पेनात जे नियम म्हणून पाठ केलं ते ब्रशमध्ये केसांच्या दाबातून आपोआप घडतं.

डॉ. कोटणीसांचं नाव

शेवटी सरावाला तीन अक्षरं देते, मी प्रत्येक नवीन वहीच्या पहिल्या पानावर हीच लिहिते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथली भाषा शिकले, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना 'ख तीहुआ' या नावाने ओळखतात. हुआ म्हणजे चीन, पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी हे अक्षर लावलं होतं. त्यांच्या मुलाचं नाव पण इनहुआ, भारत-चीन.

'ख': डावीकडे आखडलेलं झाड, ४ रेघा, शेवटची ठिपका झालेली. उजवीकडे वर आडवी, तिच्याखाली छोटं 'खोउ', आणि मग आडवीपासून खाली लांब उभी, तळाशी डावीकडे आकडा. ही आकड्याची उभी शेवटी, 'खोउ' आधी. एकूण ९.

'ती': परत तेच झाड, आणि उजवीकडे ८ रेघा. आधी आडवी जाऊन कोपऱ्यात खाली वळणारी, मग दोन आडव्या, मग त्या सगळ्यांतून वरून खाली आकड्याची उभी, आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे शिंतोडे उडावे तशा चार: डावा ठिपका, त्याखाली थी, उजवीकडून आत येणारी फिए, आणि बाहेर उतरणारी शेवटची. एकूण १२. डावं झाड बारीक ठेवा, नाहीतर शिंतोड्यांना जागा उरत नाही.

'हुआ': वर डावीकडे फिए, तिच्यातून खाली उभी, हा उभा माणूस. त्याच्या उजवीकडे एक आखूड फिए, मग खाली येऊन उजवीकडे वळणारी आणि वर आकडा मारणारी. आणि या दोघांच्या खाली 'शी', दहा, लांब आडवी आणि मधोमध उभी. एकूण ६.

तिन्ही मिळून २७. लिहून झाल्यावर पेन किती वेळा उचललं ते मोजा. २८ किंवा २९ आलं तर कोपरे तपासा, 'ख'मधल्या 'खोउ'चा नाहीतर 'ती'च्या पहिल्या रेघेचा, तिथे पेन उचललं गेलंय.